साडेचार वाव

कळंबोलीच्या लोखंड बाजारात, वजनकाट्याच्या मागे
साखळ्यांचे ढीग आहेत.
मुस्तनसीर शेठ म्हणाले, "दुबईचा माल आहे ताई, किलोला एकशे दहा."
मी पदर खोचला आणि खाली बसले.
साखळी उभ्यानं बघता येत नाही.

पहिली निघाली क्रेनची.
कड्या आखूड, खाचांत काळं ग्रीस,
जन्मभर हवेत लोंबलेली.
हिला मीठ लागलं की वर्षात पापुद्रे सोडील.

दुसरी चांदीसारखी.
घराच्या किल्लीनं खरवडली, तर रंग.
जस्त असं सोलून निघत नाही,
ते लोखंडाला धरून हळूहळू मरतं.
शेठ हसले, "तुम्ही बघताय का ते बघत होतो."

कडी बाहेरून नेहमी जाड दिसते.
बघायचं असतं आतल्या वळणावर,
जिथे एक कडी दुसरीत बसते
आणि दोघी एकमेकींना खातात.
मी नऊ नंबरचा पाना घेऊन जाते.
दहाच्या कडीवर तो तिथे सहज चढला,
तर मग ती साखळी नाही, भंगार.

तिसरी मी स्वतःच ओढून काढली, ढिगाच्या तळातून.
हातोडी मारली. टण्ण.
एकही सांधा थापट्या वाजला नाही.
एका शेवाला कड्या बारीक, गुळगुळीत,
पाना जाता जाता अडला.
वावेनं मोजत गेले,
साडेचार वावेवर झीज संपली, एकदम,
कुणी रेघ मारावी तशी.
पुढे सात वाव करडं जस्त, जसंच्या तसं.

म्हणजे हा माणूस बाहेरच्या समुद्रात कधी गेलाच नाही.
साडेचार वाव सोडायचा,
उरलेली होडीच्या पोटात झोपलेली.
एवढंच पाणी आमच्या खाडीला असतं,
भरतीला, पुलाच्या अलीकडे.

नखानं खाचेतला चिखल काढला, वास घेतला.
दुबई कसली.
हा वास धुणी धुतली तरी माझ्या लुगड्याला राहतो.

शेवटच्या शॅकलला तांब्याची तार होती,
तीन वेढे, टोक आत दडवलेलं,
आणि वेढे उलटे, डाव्या हाताचे.
दिवाळ्यात डावखुरा एकच.
हाशाकाका सहा महिने सांगत होता,
होडी वाशीला रंगवायला टाकलीय,
कारागीर भेटत नाही.

मी तार परत होती तशी दाबली.

आमच्या घरात नांगर दोन होते, शब्द एकच.
जमिनीतला सेक्टर पंधराच्या खाली गेला,
त्यावर आता पार्किंग आहे.
पाण्यातला तेवढा राहिला,
त्याची साखळी गेल्या भाद्रपदात तुटली,
म्हणून तर मी इथे आले होते.

"ही घेते. एकशे पाच."
शेठनं काट्यावर टाकली. खूप वेळ खणखणत राहिली.
"कुठली आहे ती, कळलं का?"
"नाही," म्हटलं. "चांगली आहे एवढं कळलं."

रात्री ओहोटीला पोरानं जेट्टीजवळ नांगर टाकला.
साखळी गळ्यावरून गेली,
आणि वर बाकावर बसलेल्या माणसाची विडी
ओठांपर्यंत जाता जाता थांबली.
त्यानं वळून पाहिलं नाही.
मीही मान वर केली नाही, जाळं झटकत राहिले,
ज्यात झटकण्यासारखं काही नव्हतं.

बऱ्याच वेळानं आवाज आला.
"कवऱ्याला आनली?"
"एकशे पाच."
"मना साठ दिलं त्यानं."

भरतीच्या खुणेपर्यंतचे खांब उघडे पडले होते,
कालवं टकटक वाजत होती.
तो उठला, पायरीपर्यंत आला,
आणि चप्पल घालताना, चपलेलाच सांगावं तसं म्हणाला,
"उलटी बांद गो.
तो शेव मी कंदी पान्यात टाकला नाय."